विज्ञानशिक्षणाच्या संशोधनातले वाटाडे

विज्ञान शिकवणे हे एक काम आणि शिकवलेले विज्ञान मुलाच्या डोक्यात कोणत्या रूपात जाऊन बसते हे तपासणे हे दुसरे. पहिले काम प्रत्येक शाळेत रोज चालते. दुसरे करणारी माणसे आपल्याकडे मोजकीच आहेत. त्यांच्या या कामाला विज्ञानशिक्षणाचे संशोधन म्हणतात. या क्षेत्रातल्या अभ्यासकाचा बराचसा वेळ वर्गाच्या मागच्या बाकावर बसून जातो. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते असे सातवीतला मुलगा ठामपणे का सांगतो? झाड आपले अन्न मातीतून ओढून घेते ही समजूत प्रकाशसंश्लेषणाचा धडा संपल्यावरही का टिकते? हे त्याचे प्रश्न. शिक्षक चुकीचे उत्तर खोडतो, कारण त्याला पुढे जायचे असते. संशोधक तेच उत्तर वहीत उतरवून घेतो, कारण बहुतेक चुकांच्या मागे मुलाने स्वतः केलेला, आपल्या परीने सुसंगत असा विचार असतो आणि तो सापडला तरच पुढचे शिकवणे कामी येते.

हे काम पुस्तक वाचून येत नाही, आणि मार्गदर्शकाची गरज इथेच पडते. या क्षेत्राकडे येणारे लोक निरनिराळ्या वाटांनी येतात. कोणी भौतिकशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकून येतो. त्याला विषय येतो, पण बारा वर्षांचे मूल परके असते. कोणी डी.एड., बी.एड. करून वर्षानुवर्षे वर्गात उभा राहिलेला असतो; त्याला मूल कळते, पण आपल्या अनुभवातून तपासता येईल असा प्रश्न कसा काढायचा ते कळत नाही. विज्ञानाच्या इतर शाखांत गाइड विद्यार्थ्याला उपकरण हाताळायला शिकवतो. इथे गाइडला ऐकायला शिकवावे लागते. मुलाने अर्धवट सोडलेले वाक्य आपण पूर्ण करायचे नाही, उत्तर चुकले तर चेहऱ्यावर दाखवायचे नाही, ‘बरोबर’ हा शब्द तोंडातून निसटू द्यायचा नाही. वर्षानुवर्षे शिकवलेल्या माणसाला ही शिस्त फार जड जाते.

महाराष्ट्रात या कामाला संस्थेचे रूप आले ते १९७४ साली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अर्थसाहाय्याने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याची पूर्वतयारी आधीच झाली होती. संस्थेतले काही शास्त्रज्ञ मुंबई महापालिकेच्या शाळांत जाऊन विज्ञान शिक्षकांबरोबर काम करत होते, आणि भा. मा. उदगावकरांसारखा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ शालेय शिक्षणाकडे गंभीरपणे पाहत होता. केंद्राची धुरा व्ही. जी. कुलकर्णी या भौतिकशास्त्रज्ञाकडे आली. सुरुवातीचे बिऱ्हाड होते नाना चौकातल्या महापालिका शाळेत. पुढे मानखुर्दला स्वतंत्र आवार झाले, तरी ज्यांच्या शिक्षणाचा अभ्यास करायचा त्यांच्याच इमारतीत संशोधकांनी बसायचे, या आरंभाचा केंद्राच्या स्वभावावर परिणाम झालेला दिसतो.

कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी हाती घेतलेला एक प्रश्न आजही ताजा आहे. मराठी माध्यमाची मुले विज्ञानात मागे पडतात ती विज्ञान अवघड म्हणून, की विज्ञानाच्या पुस्तकातली मराठी अवघड म्हणून? झोपडपट्टीतल्या घरी बोलली जाणारी मराठी आणि पाठ्यपुस्तकातली संस्कृतप्रचुर मराठी यांत मोठे अंतर होते. मजकूर सोप्या भाषेत नव्याने लिहून वर्गात वापरून पाहिला गेला. जी मुले ‘कच्ची’ म्हणून बाजूला पडली होती त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण भाषेची निघाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी केंद्राने महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काही वर्षे सलग काम केले. या मुलांना प्रश्न विचारण्याची, गटात बोलण्याची, वाचलेले आपल्या शब्दांत सांगण्याची संधी मिळत गेली आणि शालान्त परीक्षेतले त्यांचे यश लक्षणीय वाढले. या प्रकल्पावरच्या लेखनात कुलकर्णींच्या बरोबरीने सुधाकर आगरकर यांचे नाव येते. आगरकरांनी पुढे वंचित आणि आदिवासी मुलांच्या विज्ञानशिक्षणावर दीर्घकाळ काम केले. ज्येष्ठाने प्रश्न मांडावा, धाकट्याने तो वर्गात नेऊन आपला करावा, आणि मग त्यालाच तो पुढे न्यायला मोकळे सोडावे, अशी ही रीत आहे. एखाद्या केंद्राचे नेतृत्व किती पक्के आहे ते तिथले धाकटे लोक कोणाचे प्रश्न सोडवत आहेत यावरून ओळखता येते.

मुंबईबाहेरची पहिली मोठी कसोटी झाली खानदेशात. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला धनाजी नाना चौधरींनी उभी केलेली जनता शिक्षण मंडळ ही संस्था होती. १९३६ साली जिथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले ते फैजपूर तिथून जवळच. या संस्थेच्या सहकार्याने होमी भाभा केंद्राने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात परिसरातल्या ग्रामीण शाळांत विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणाचा प्रकल्प चालवला. सातपुड्याच्या पायथ्याची ही पट्टी पूर्वेला थेट बुलढाणा जिल्ह्यात शिरते. मलकापूर, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या शेतकरी कुटुंबांचे जगणे खिरोद्याहून फारसे वेगळे नाही. शहरात आखलेला उपक्रम खेड्यात जसाच्या तसा चालत नाही, शिक्षकाला एकदा प्रशिक्षण देऊन भागत नाही, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, हे अशा प्रकल्पांतून शिकायला मिळते.

सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, त्याच सुमारास याहून धाडसी प्रयोग सुरू झाला होता. १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हाती घेतला. किशोर भारती उभारणारे अनिल सद्गोपाल हे टाटा संस्थेतूनच बाहेर पडलेले. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक, टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ उन्हाळ्यात येऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि १९८२ मध्ये तो सांभाळायला ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. मुलांच्या हातात ‘बाल वैज्ञानिक’ ही प्रयोगांची पुस्तके असत आणि परीक्षेतही ती उघडून बघायला परवानगी असे.

या कार्यक्रमाची खरी कमाई मार्गदर्शनाच्या रचनेत होती. उन्हाळी शिबिरानंतर शिक्षक महिन्यातून एकदा जवळच्या शाळेत जमत. काय जमले, काय फसले, मुलांनी कोणते अनपेक्षित प्रश्न विचारले, हे तिथे बोलले जाई. पहिली काही वर्षे प्रशिक्षण देणारे प्राध्यापक होते. हळूहळू त्यांची जागा अनुभवी शाळाशिक्षकांनी घेतली. ज्याने चार वर्षांपूर्वी काचेच्या नळीला रबरी बूच बसवताना हात कापून घेतला होता, तोच आता नव्या शिक्षकाला ती नळी ओली करून फिरवायला सांगे. पुण्याच्या टेल्कोमध्ये नोकरी करणारा अरविंद गुप्ता हा तरुण अभियंता १९७८ मध्ये रजा काढून इथेच आला होता. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून आकृत्या जोडण्याचा त्याचा खेळ याच काळातला. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. कारणांवर पुष्कळ वाद झाला. इथे एवढेच पाहायचे की सरकारी आदेशाने पुस्तके थांबली, पण तीस वर्षांत घडलेले शिक्षक आपल्या सवयींसह शाळांतच राहिले.

विज्ञानशिक्षणाच्या संशोधनाचे जगभरातले जाळेही अशाच भेटीगाठींतून विणले गेले. अमेरिकेत विज्ञान अध्यापनाच्या संशोधकांची संघटना १९२८ पासून आहे, युरोपातली १९९५ पासून. युरोपातल्या संघटनेची पीएच.डी. करणाऱ्यांसाठी उन्हाळी शाळा भरते. विद्यार्थी छोट्या गटांत बसून आपला अर्धाकच्चा प्रबंध मांडतात आणि दुसऱ्या देशातला ज्येष्ठ अभ्यासक तो फाडून पुन्हा जुळवायला मदत करतो. गाइडपेक्षा वेगळा, हितसंबंध नसलेला मार्गदर्शक मिळणे ही त्यातली मोठी सोय. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात रोझालिंड ड्रायव्हर यांनी मुलांच्या स्वतःच्या विज्ञानकल्पनांचा अभ्यास रुजवला आणि १९८०च्या दशकातल्या त्यांच्या प्रकल्पात वर्गातले शिक्षक सहसंशोधक म्हणून होते. होमी भाभा केंद्राच्या जयश्री रामदास यांनी ड्रायव्हर यांच्याबरोबर प्रकाशाविषयीच्या विद्यार्थ्यांच्या कल्पनांवर काम केले. पुढे रामदास केंद्राच्या संचालक झाल्या. आधीचे प्रमुख, कुलकर्णी, अरविंद कुमार, हेमचंद्र प्रधान, हे सारे भौतिकशास्त्र करून शिक्षणाकडे वळलेले होते. विज्ञानशिक्षणाच्या संशोधनातच घडलेली व्यक्ती प्रमुखपदी येणे ही या विषयाने आपल्या पायावर उभे राहिल्याची खूण म्हणावी लागेल.

अरविंद कुमारांच्या काळात केंद्राचा पसारा वाढला. विज्ञान ऑलिंपियाडची राष्ट्रीय जबाबदारी आली, आणि डिसेंबर २००४ मध्ये गोव्यात ‘एपिस्टीम’ या आंतरराष्ट्रीय परिषदमालिकेची पहिली परिषद भरली. नव्या अभ्यासकाच्या दृष्टीने परिषदेतल्या मोठ्या भाषणांपेक्षा त्याआधीचा पत्रव्यवहार मोलाचा. पाठवलेल्या निबंधावर तिऱ्हाईत परीक्षक लेखी शेरे देतात: नमुना लहान आहे, मुलाखतीतला प्रश्नच उत्तर सुचवतो, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतो. ज्याचा निबंध परत येतो तो पहिल्यांदा रागावतो. पुष्कळ संशोधक याच रागातून शिकले आहेत.

हे सगळे मुंबई, गोवा आणि लीड्समध्ये चालले असताना बुलढाण्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकापर्यंत काय पोचते? कागदावरची साखळी भक्कम आहे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, उभ्या राहिल्या, बुलढाण्यातही आहे. तालुक्याला गट साधन केंद्र आणि तिथे विषय साधनव्यक्ती, दहा-बारा शाळांमागे केंद्रप्रमुख, आणि केंद्रावर भरणारी शिक्षण परिषद. केंद्रप्रमुख हा खरे तर शाळेला सर्वात जवळचा मार्गदर्शक. त्याने पाठ बघावा, शिक्षकाशी बोलावे, पुन्हा यावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराचा हिशेब यांत त्याचा महिना निघून जातो, आणि शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ एवढीच ओळ पडते. या ओळीने कोणाचे शिकवणे बदलत नाही. जपानमध्ये शिक्षकांचा गट मिळून एक पाठ आखतो, एकजण तो घेतो, बाकीचे शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघत बसतात आणि नंतर फक्त मुलांनी काय केले यावर चर्चा होते. शिक्षण परिषदेत असे करायला वेगळा निधी लागत नाही. लागते ती परिपत्रके वाचून दाखवण्यातून वाचलेली एक दुपार.

एक ठिकाण मात्र असे आहे जिथे मार्गदर्शक हा शब्द नुसता शोभेचा राहत नाही. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले लहान गट करून आपल्या गावातल्या प्रश्नावर प्रकल्प करतात आणि प्रत्येक गटाबरोबर मार्गदर्शक शिक्षक असतो. विज्ञान प्रदर्शनात अनेकदा प्रतिकृती शिक्षकाने किंवा पालकाने बनवलेली असते आणि मूल पाठ केलेली माहिती सांगते. बालविज्ञान परिषदेत परीक्षक नोंदवही मागतात, त्यामुळे हे सोंग फार टिकत नाही. इथे मार्गदर्शकाची कसोटी स्वतःला आवरण्यात असते.

बुलढाणा जिल्ह्याला प्रश्नांची वाण नाही. लोणारचे सरोवर घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा कशाने झाला, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पुढे बहुतेकांनी तो ज्वालामुखीचा मानला. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने त्याचे साम्य ॲरिझोनातल्या विवराशी असल्याचे म्हटले. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी मिळून आघाताचा पुरावा मांडला: प्रचंड दाबाखालीच होणारी खनिजांची काच तिथल्या बेसाल्टमध्ये सापडली. वय मात्र अजून घोळात आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले. गाववाल्या मुलाला याशिवाय लवणासुराची कथाही ठाऊक असते. एखाद्या शिक्षकाने आठवीच्या मुलांना एवढेच विचारले की ‘हा खड्डा उल्केने झाला हे तुला कशावरून पटेल?’, आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली, तर पुरावा म्हणजे काय याविषयीच्या मुलांच्या कल्पनांवर संशोधनाचा आरंभ झाला. पुढची पायरी त्याला एकट्याने सहसा जमत नाही: उत्तरांचे गट कसे पाडायचे, कथा सांगणाऱ्या मुलाला ‘अवैज्ञानिक’ ठरवण्याची घाई का करू नये, दुसऱ्या शाळेत तोच प्रश्न विचारून तुलना कशी करायची. इथे डाएटचा अधिव्याख्याता किंवा जवळच्या महाविद्यालयातला भूगोलाचा प्राध्यापक उपयोगी पडू शकतो.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-नांदुऱ्याकडे, विहिरीचे पाणी खारे. साबणाला फेस येत नाही हे मुलाला न्हाणीघरात कळते, आणि ‘दुष्फेन पाणी’ हा शब्द त्याला पुस्तकात भेटतो. दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी सांगतेच असे नाही. पऱ्हाटी, सरकी, वावर हे त्याचे शब्द, आणि पुस्तकात कपाशी, बीज, शेत. कुलकर्णी-गंभीरांचा भाषेचा प्रश्न वऱ्हाडात असा वेगळ्या वेषात उभा राहतो. सातपुड्याच्या कुशीत तर तो फारच टोकाला जातो. जळगाव जामोद तालुक्यात निहाली ही भाषा बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञ तिला जगातल्या कोणत्याही भाषाकुळात बसवू शकलेले नाहीत, आणि बोलणारे जेमतेम काही हजार आहेत. त्या पाड्यातल्या मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी तिसरी-चौथी भाषा म्हणून भेटते. निहाली घरातल्या मुलाची उष्णतेची किंवा सावलीची कल्पना काय असते, हे विचारायचे तर आधी शिक्षकाला त्याच्याकडून शब्द शिकून घ्यावे लागतात.

असे काम झाले तर त्यावर नाव कोणाचे, हा प्रश्नही या क्षेत्रात टाळता येत नाही. शिक्षकाने दोन वर्षे नोंदी ठेवायच्या आणि शहरातल्या अभ्यासकाने त्या निबंधात वापरून तळटीपेत ‘सहकार्याबद्दल आभार’ मानायचे, असे घडले की तो शिक्षक पुन्हा वही उघडत नाही. शिक्षक सहलेखक असावा ही अपेक्षा आता बऱ्याच ठिकाणी मान्य आहे, पाळली जातेच असे नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले आहे, आणि ज्येष्ठ, निवृत्त प्राध्यापकांचा सहभाग असलेली राष्ट्रीय मार्गदर्शन मोहीमही त्यात आहे. तास मोजणे सोपे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मोठी अडचण बदल्यांची. लोणारला तीन वर्षे मुलांची उत्तरे टिपणारा शिक्षक मेहकरला किंवा देऊळगाव राजाला गेला की त्याची वही त्याच्या पिशवीतून जाते, आणि नवा शिक्षक पहिल्या पानापासून सुरू करतो. काही ठिकाणी शिक्षक अशा नोंदी केंद्रशाळेतल्या कपाटात ठेवतात. केंद्रप्रमुखालाही त्या वाचता येतात, आणि शेरेबुकात लिहायला मग ‘समाधानकारक’पेक्षा वेगळे काही हाताशी असते.